चार बोटं उंच

फळी काही केल्या बसेना.

एफीने ती पुन्हा ओढून काढली, तोरमोदच्या डाव्या मांडीखाली नीट सारली आणि दुसरं टोक गाडीच्या मागच्या सीटवर टेकवलं. गेली चार वर्षं दर रविवारी ती हेच करत आली होती. चाकांची खुर्ची गाडीला चिकटवून उभी करायची, खुर्चीचा एका बाजूचा हात काढायचा, मधे ती गुळगुळीत लाकडी फळी घालायची. मग तोरमोद डाव्या हाताने दारावरची कडी धरायचा आणि फळीवरून सरकत सीटवर जाऊन बसायचा. उजवी बाजू त्याची कामातून गेली होती. एफीने फक्त कमरेशी हात ठेवायचा, आणि तोही न ठेवल्यासारखा.

आज फळी आडवी राहत नव्हती. खुर्चीकडचं टोक खाली, गाडीकडचं वर.

“पुन्हा कर,” तोरमोद म्हणाला.

तिने तीनपर्यंत मोजलं. तो वीतभर वर चढला, फळीच्या मध्यावर क्षणभर अडकला आणि सगळ्या वजनानिशी परत खुर्चीत आला. खुर्चीचा ब्रेक करकरला. एफीने छातीने अडवलं नसतं तर तो अंगणातल्या खडीवर पडला असता. दोघंही तशीच राहिली, तिची काळी टोपी त्याच्या गालाला टेकलेली, त्याचा श्वास तिच्या मानेवर. 

मग तिने त्याचा कोट खाली ओढून सारखा केला, स्वतःची टोपी सारखी केली, आणि सीटच्या कडेला बोटं लावून पाहिली. गेल्या रविवारपर्यंत खुर्ची आणि सीट एका पातळीत होत्या. आता सीट चार बोटं उंच होती.

साडेअकरा वाजत आले होते. बाराला चर्च. लुइस बेटावरच्या त्यांच्या मंडळीत प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, वर्षातून दोनदाच व्हायचं, आणि आजचा रविवार त्या दोनांपैकी पहिला.

“फिनलेचं काम,” तोरमोद म्हणाला. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचे शब्द सावकाश यायचे, पण यायचे ते घासूनपुसून. “चांगलं काम करतो तो. त्याचाच तर घोळ झालाय.”

फिनले हा तोरमोदच्या वारलेल्या भावाचा मुलगा. चाळिशी उलटलेला, चार मैलांवर त्याचं गॅरेज. गाडी यंदाच्या तपासणीत नापास झाली होती. मागची उजवी स्प्रिंग तळाशी गंजून तुटली होती. एक बदलायची म्हणजे जोडीची दुसरीही बदलायची, म्हणून त्याने दोन्ही नव्या घातल्या. काल दुपारी तो स्वतः गाडी घेऊन आला, अंगणात लावली, आणि दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघत राहिला.

“एफीकाकू, बघा जरा. सोळा वर्षांनी शेपूट वर केलीय हिने.”

जुन्या स्प्रिंगा बसून बसून पार चेपल्या होत्या, असं त्याने सांगितलं. वर्षानुवर्षं जळणाची पोती लादलीत, काकांच्या मागावरच्या कापडाच्या गाठी लादल्यात, एकदा तर मेंढा बसवून नेलात, दुसरं काय होणार. आता कशी मूळच्या उंचीवर आली. एफी हसली, तिने त्याला चहा दिला, सोबत तव्यावरचे स्कोन, छोटे जाड पाव, बांधून दिले. अर्धं लक्ष तिचं चुलीवर होतं.

शब्बाथला, म्हणजे रविवारच्या विसाव्याच्या दिवशी, हाताला काम लागू नये म्हणून शनिवारी सगळं उरकायचं, हे ती आईच्या मागे मागे फिरत शिकली होती. सूप करून ठेवलं. बटाटे सोलून पाण्यात घातले. जळणाच्या बादल्या भरून आत आणल्या. तोरमोदचा काळा सूट ब्रशने झाडला, दोघांचे बूट चकचकीत केले. आठवून आठवून सगळं केलं. गाडीच्या बाबतीत मात्र, चालू होते की नाही एवढंच तिने पाहिलं. फळी लावून बघावी हे मनात आलं नाही, कारण चार वर्षांत तसं कधी करावं लागलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी तोरमोदला इस्पितळातून घरी सोडताना तिथली एक बाई टेप घेऊन आली होती. तिने उंबरे मोजले, पलंग मोजला, आणि शेवटी खुर्ची आणि गाडीची सीट मोजली. दोन्ही एका पातळीत आलेल्या बघून तिलाच नवल वाटलं. म्हणाली, अशी गाठ क्वचित पडते, एवढ्यात गाडी बदलू नका. त्या दिवसापासून सकाळच्या वाचनानंतर एफी ज्या ज्या गोष्टींसाठी आभार मानायची त्यांत ही एक होती. ज्याला फिनले झीज म्हणत होता, तिला ती चार वर्षं कृपा म्हणत आली होती.

गाडी होती म्हणून तोरमोद बाहेर पडत होता, आणि तोरमोद बाहेर पडत होता म्हणून एफी.

इस्पितळात त्याला पट्ट्यांच्या झोळीत घालून यंत्राने उचलायचे. उचलणारी दोघं फुटबॉलच्या गप्पा मारत असायची आणि तो मधे लटकत असायचा. घरी आल्यावर त्याने सांगून टाकलं, आता एफीखेरीज कुणी मला हात लावायचा नाही. चाकांची खुर्ची उचलून घेणारा पाळणा लावलेली कौन्सिलची बस मंगळवारी दारावरून जायची. ती त्याने एकदाच पाहिली आणि पडदा ओढून घेतला. दुसऱ्या वर्षी एफीची बहीण आजारी पडली. जाऊन ये, असं तोरमोदच म्हणाला. शेजारची डोलिना त्याच्यापाशी येऊन बसली आणि एफी तिच्याकडे स्टॉर्नोवे शहराला गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा कळलं की त्याने दिवसभर पाण्याचा घोट घेतला नव्हता. घेतला असता तर लघवीची बाटली डोलिनाकडे मागावी लागली असती. त्याने तक्रार केली नाही. उलट बहिणीची चौकशी केली, अगदी मनापासून. त्यानंतर एफी कुठेच गेली नाही. दुकानाची व्हॅन आठवड्यातून दोनदा दारात यायची. उरला होता तो रविवार. घरापासून चर्चपर्यंतचे तीन मैल, दोन तासांची प्रार्थना, आणि मग आवारात उभं राहून बायकांशी चार शब्द.

ती घरात गेली आणि कोचावरच्या दोन गाद्या घेऊन आली. तोरमोदला पुढे वाकवून तिने त्या कशाबशा त्याच्याखाली सारल्या. उंची आली, पण त्याचे पाय खुर्चीच्या पायऱ्यांवरून सुटले आणि तो उजवीकडे कलायला लागला.

“काढ त्या,” तो म्हणाला. “राजाच्या मिरवणुकीला निघालोय का मी.”

तिने काढल्या.

घराच्या भिंतीला लागून जळणाच्या पीटची रास होती, दलदलीतून कापून वाळवून आणलेली, आणि रासेशेजारी सात-आठ भरलेली पोती. गाद्या परत ठेवायला जाताना एफी तिथे थांबली. खुर्ची ठेवण्यासाठी गाडीची डिकी उघडीच होती. सहा पोती आत टाकली की मागचा भाग खाली येणार, हे कळायला गॅरेजवाला लागत नाही. एक पोतं काही फार जड नसतं. लग्नानंतरच्या चव्वेचाळीस वर्षांत तिने अशी हजारो उचलली होती.

तिने एका पोत्याचं तोंड धरलं. रस्त्यावरून एकामागून एक गाड्या जात होत्या, सगळ्या चर्चच्या दिशेने, आणि प्रत्येकीतून तिचं अंगण दिसत होतं. पण लोकांची भीती नव्हती तिला. लोकांनी समजून घेतलं असतं. दयेच्या आणि गरजेच्या कामाला शब्बाथलाही मोकळीक आहे, हे पाळक स्वतःच सांगायचे. तिला एवढंच ठरवता येईना की ही गरज कुणाची. तोरमोदला भोजनाला न्यायची, की तिला स्वतःला घरातून बाहेर पडायची. पहिली असती तर तिने पोती उचलली असती. दुसरी मनात इतकी मोठी झाली होती की तिच्याआड पहिली दिसतच नव्हती.

थोडा वेळ ती पोत्याचं तोंड धरून उभी राहिली आणि मग सोडून दिलं. हातमोज्याला तपकिरी भुकटी लागली. झटकली, पण गेली नाही.

परत आली तो डोलिनाची गाडी अंगणात शिरत होती. डोलिना साठीची, विधवा, अंगाने भक्कम, तोंडाने त्याहून. प्रभुभोजनासाठी नेस भागातून तिच्या दोन बहिणी रेचल आणि ॲनाबेल गुरुवारपासून मुक्कामाला होत्या. देह तिघींचे एकाच साच्यातले. छोट्याशा गाडीतून तिघींच्या टोप्या तेवढ्या दिसत होत्या.

“हवा खातोयस होय रे, तोरमोद?” डोलिनाने काच खाली करून विचारलं. “एरवी आम्ही चर्चला पोचतो तेव्हा तू आत बसून आमच्या उशिराची मोजदाद करत असतोस.”

एफीने दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. डोलिना लगेच उतरली, गाडीला एक फेरी मारली, आणि यात काय अवघड आहे असं म्हणाली. तिघी मिळून उचलतो. आयुष्यभर मेंढ्या उचलल्यात आम्ही.

“मेंढी असतो तर उचलू दिलं असतं,” तोरमोद म्हणाला. “माझ्या पाठीवर अजून मालकाच्या रंगाची खूण नाही.”

डोलिनाने वाद घातला. एफीच्या पाठीचं तरी बघ, म्हणाली; अशा दिवशी अभिमान घरी ठेवून यावा, म्हणाली; तुझा बाप तुझ्याहून हट्टी होता पण त्याला निदान पाय होते, म्हणाली. बोलता बोलता गुडघे दुखायला लागले तशी ती उघड्या डिकीच्या काठावर टेकली.

गाडीचा मागचा भाग हळूच खाली गेला. त्याबरोबर फळीचं वरचं टोकही.

ते आधी तोरमोदच्या लक्षात आलं.

“डोलिना,” तो म्हणाला, “बोलायचं ते बोल. पण उठू नकोस.”

क्षणभर कुणाला कळेना. मग एफीला कळलं, आणि तिच्याकडे बघून डोलिनाला. ती स्वतःकडे बघत म्हणाली, डॉक्टर तीस वर्षं वजन उतरव म्हणून मागे लागलाय, बरं झालं ऐकलं नाही. तिने बहिणींना हाक मारली. रेचल येता येताच म्हणाली की आजच्या दिवशी तरी जिभेला आवर घाल, आणि गुपचूप तिच्या शेजारी बसली. तिसरी ॲनाबेल बसली तेव्हा गाडी जवळजवळ जुन्या उंचीवर आली.

तोरमोदची एकच अट होती. तोंडं रस्त्याकडे ठेवायची, मागे वळून बघायचं नाही.

तिघी वळल्या नाहीत. तीन काळ्या टोप्या एका ओळीत, मांडीवर बायबलं, समोर रस्ता आणि त्यापलीकडे समुद्र. काम म्हणावं तर त्या नुसत्या बसल्या होत्या, आणि बसायला शब्बाथला कुणाचीच ना नाही. एफीने फळी सारली. ती सपाट होती. तोरमोदने कडी धरली, एफीने कमरेशी हात ठेवला, आणि तो सरकत सरकत नेहमीसारखा आत गेला. तिने त्याचे पाय उचलून आत घेतले, पट्टा लावला, आणि झालं म्हणून सांगितलं.

तिघी उठल्या. त्यांच्याबरोबर गाडी वर आली, आणि गाडीतला तोरमोदही. त्याने कडी घट्ट धरली आणि खिडकीबाहेर पाहिलं. कुणी आपल्याला न विचारता उंच केलं की माणसाचा चेहरा जसा होतो, तसा त्याचा झाला होता.

चर्चपाशी उतरायला काहीच त्रास पडला नाही. फळी आता खुर्चीकडे उतरती होती. तो जवळजवळ आपोआप खाली आला. एफीने त्याची खुर्ची पुढे नेली आणि पांढरं कापड घातलेल्या बाकाच्या टोकाशी लावली. ती त्याच्या शेजारी बसली. स्तोत्र सुरू झालं. सव्वीस वर्षं तोरमोद त्या व्यासपीठाखाली बसून प्रत्येक ओळ आधी गायचा, आणि सगळी मंडळी ती त्याच्यामागून उचलायची. आता दुसरा कुणी गात होता आणि तोरमोद इतरांबरोबर मागून गात होता, अर्ध्या तोंडाने, पण सुरात.

भाकर आली. पेला आला. त्याने डाव्या हाताने पेला घेतला, प्यायला, तिच्याकडे दिला. एफीने तो दोन्ही हातांनी धरला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण आवाराचा विचार करतो आहोत. बाहेर किती गाड्या असतील. डोलिना आणि तिच्या बहिणी लगेच सापडतील का. सगळे निघून जाईपर्यंत थांबता येईल का. ती प्यायली. वर्षातून दोनदा येणारा तो क्षण तिच्या हातातून तसाच पुढे गेला, शेजारणीकडे, आणि ती रित्या हातांनी खाली बघत बसली.

निघून कुणीच जात नव्हतं. भोजनाच्या रविवारी लोक आवारात रेंगाळतात, बाहेरगावचे पाहुणे असतात, गाठीभेटी होतात. डोलिनाने बहिणींना आधीच गोळा करून ठेवलं होतं. तिघी येऊन डिकीच्या काठावर बसल्या. पण इथली जमीन खुर्चीच्या बाजूला उतरती होती. फळी अजून दोन बोटं वरच राहिली. एफीने एकदा लावून पाहिली, काढली, पुन्हा लावली. तोरमोद म्हणाला, होईल. झालं नाही.

तेव्हा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी दोन वडील पुढे आले. दोघेही सत्तरीचे, काळे लांब कोट. अजून कुणी लागेल का, असं त्यांतल्या एकाने एफीला हळू विचारलं, दुखवट्याच्या घरी विचारतात तशा आवाजात. काठावर जागा नव्हती म्हणून तो कोट सावरत डिकीत आत शिरला आणि गुडघे पोटाशी घेऊन बसला. दुसरा त्याच्याशेजारी. दोघांची पाठ तोरमोदकडे. सव्वीस वर्षं याच दोघांच्या तोंडून त्याने गायलेली ओळ परत यायची.

आवारातली माणसं समुद्राकडे बघत होती. ढगांकडे बघत होती. वारा कुठून आहे याबद्दल दोघंतिघं फार बारकाईने बोलत होते. एवढ्या जमावात तोरमोदकडे कुणी म्हणजे कुणी बघत नव्हतं, आणि ते त्याला दिसत होतं.

तो सरकला. आत बसला. पाच जण उठले, गाडी वर आली. वडिलांनी कोट झटकले आणि ते गर्दीत मिसळले.

फिनले कुंपणाशी उभा होता. सगळं त्याने पाहिलं होतं. तो जवळ आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. शब्बाथला धंद्याचं बोलायचं नसतं, म्हणून एफी खुर्ची दुमडता दुमडता, हवेबद्दल विचारावं तसं म्हणाली, “बसेल ना रे थोडी?”

“बसेल, काकू. एखादं बोट. वर्षभरात.”

“आणि जुन्या?”

“एक तर तुटलेलीच होती. दुसरी शुक्रवारी भंगारात गेली.” तो मागच्या चाकाकडे बघत होता. “घातली असती परत, तरी तपासणीत सोडली नसती कुणी. याहून बुटक्या या गाडीला येत नाहीत. मी कालच एकदा विचारायला हवं होतं. काका कसे बसतात, एवढं विचारलं असतं तरी.”

एफीने त्याच्या बाहीवर हात ठेवला. तुझी चूक नाही, हे तिने तोंडाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मग कुणाची, हे शोधावं लागलं असतं.

फिनले तोरमोदच्या खिडकीशी वाकला. मी उद्या येतो, म्हणाला. लाकडी ओटा करून देतो, चार बोटांचा. खुर्ची त्यावर चढवली की झालं. एक घरी ठेवू, एक इथे दारापाशी.

तोरमोदने थोडा वेळ विचार केला. नुसता दाखवायला नाही, खरंच केला. ते स्टिअरिंगपाशी येऊन बसलेल्या एफीला आरशात दिसलं.

“दारापाशी ओटा,” तो म्हणाला, “आणि लोकांच्या मनात येणार, हा कशाला. नको. व्यासपीठावर उभा राहणारा पाळक आहे आपल्याकडे, फिनले. मला दुसरं व्यासपीठ नको.”

“काका, कुणी विचारणार नाही.”

“तेच म्हणतोय मी. कुणी विचारणार नाही.”

फिनले सरळ उभा राहिला. तोरमोदने डावा हात खिडकीतून बाहेर काढून त्याच्या मनगटावर ठेवला. “गाडी सुरेख चालते पण. खड्डा कळत नाही. तुझ्या बापाला आवडलं असतं.”

परतीच्या वाटेवर एफी हळू चालवत होती. मागची बाजू उंच झाल्याने सीट किंचित पुढे कलली होती. दर वळणाला तोरमोद थोडा घसरायचा आणि हाताने स्वतःला मागे रेटायचा. घराच्या जवळ आल्यावर तो म्हणाला, “आता भिंतीवरून समुद्र दिसतो. आधी नुसती भिंत दिसायची.”

“बरं वाटलं ना?” एफीने विचारलं.

“दिसतो, एवढंच म्हटलं.”

अंगणात ती नेहमीसारखी घराकडे तोंड करून गाडी लावणार, तेवढ्यात तो म्हणाला, तोंड रस्त्याकडे कर. तिने गाडी मागे-पुढे करून फिरवली आणि इंजिन बंद केलं. पट्टा सोडला. दार उघडायला हात घातला.

“राहू दे जरा,” तोरमोद म्हणाला.

“सूप गरम करायचंय.”

“सूप कुठं पळतंय.”

तिने हात परत मांडीवर ठेवला. उतरायला दोन मिनिटंही लागली नसती. फळी खुर्चीकडे उतरतीच होती, तिने फक्त धरायचं होतं. एकदा उतरलं की पुन्हा चढायला तीन बायका लागणार, तिकडे पाच माणसं, आणि तोरमोद ती पुन्हा मागणार नाही, हे तिला कळत होतं. तिला कळतंय हे त्यालाही कळत होतं. गाडीत अजून चर्चमधल्या ओल्या कोटांचा वास होता. काचांवर आतून हलकी वाफ धरायला लागली.

“पुढच्या रविवारी तू जा,” तो म्हणाला. “डोलिना नेईल तुला.”

“हो.”

“खरंच जा.”

“हो म्हटलं ना.”

तिने आरशात पाहिलं. आरसा काल होता तसाच होता, पण सीट पुढे कललेली, तो पुढे सरकलेला, त्यामुळे त्यात त्याचा चेहरा अर्धाच येत होता. नाकापासून खाली, दाढी करताना राहिलेला एक पांढरा केस, आणि नीट बांधलेला काळा टाय. डोळे दिसत नव्हते. आरसा फिरवता आला असता. तिने फिरवला नाही. जायची वेळ येईल तेव्हा तो पाणी पिणार नाही, आणि ती दर ओळीला घड्याळाकडे बघत राहील, हे तिला आत्ताच दिसत होतं. हे देवाला सांगावं असं तिला वाटलं, पण सांगायला सुरुवात कुठून करायची ते सुचेना. रोजच्या आभारांतली एक गोष्ट आता कमी झाली होती, आणि तिच्या जागी काय ठेवायचं तेही सुचेना.

चर्चमधून परतणाऱ्या गाड्या यायला लागल्या. रविवारचा सावकाश वेग, एकीमागे एक.

तोरमोद घरात खिडकीपाशी खुर्चीत बसलेला असला की येणारे-जाणारे त्याच्याकडे बघून अख्खा हात हलवायचे, हसून, लहान मुलांना हलवतात तसा. पण आज तो गाडीत होता. पहिल्या गाडीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, इथे रस्त्यावर गाडीतला माणूस गाडीतल्या माणसाला उचलतो तसं, फक्त एक बोट, चेहरा न हलवता. तोरमोदने समोरच्या सीटच्या पाठीवर टेकवलेल्या डाव्या हाताचं एक बोट उचललं.

दुसरी गाडी आली. पुन्हा एक बोट. तिसरी आली. त्यात ते दोन वडील होते, एक चालवत आणि दुसरा शेजारी. त्यांनीही उचललं.

एफीने हात स्टिअरिंगवर ठेवले. चौथी गाडी वळणावर दिसली तेव्हा तिनेही एक बोट उचललं. इंजिन बंदच होतं.